सत्कारमूर्ती

जुन्नरच्या एसटी स्टँडच्या कंपाउंडवर बांधलेल्या आपल्या फ्लेक्सला भोक पडलंय हे कल्पेशला दिसलं तेव्हा तो नारायणगावच्या गाडीत डब्यांचं पार्सल चढवत होता. फाटलेलं नव्हतं ते. वाऱ्याने फ्लेक्स फाटतो तो तिरका फाटतो आणि लोंबत राहतो. हे चौकोनी होतं, चारी बाजूंनी सरळ, कोपऱ्याकोपऱ्यात ब्लेड थांबून, वळून पुढे गेलेलं कळत होतं. पाच सत्कारमूर्तींपैकी एक गेला होता आणि तो होता त्या जागी कंपाउंडची पिवळी भिंत आणि पानाची एक जुनी पिंक दिसत होती. बाकीचे चौघे फेट्यात पूर्वीसारखेच अवघडून हसत होते. सगळ्यांच्या वर, तिरंग्याच्या लगेच खाली, सगळ्यांहून मोठा, हात जोडलेला कल्पेश स्वतः होता. कंडक्टरने पार्सल सीटखाली लोटलं, कल्पेशच्या नजरेमागोमाग पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, तुमचा एक फौजी पळाला वाटतं." कल्पेश हसला. गिऱ्हाइकाने निम्म्या भावात भांडं मागितलं की हसायचं, तसं ते हसू होतं, ओठांना ठाऊक असलेलं. कापणाऱ्याने तोंड नेलं होतं, नाव ठेवलं होतं. भोकाखाली पांढऱ्या अक्षरांत तसंच होतं: हवालदार (निवृत्त) भिमाजी, अवसरी बुद्रुक.

आता काढावा तर भोकामुळे काढला असं होईल, न काढावा तर भोक लोक बघणार. उभ्या उभ्या त्याने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. कुठलीही गोष्ट मांडून पाहिल्याशिवाय त्याला दुःखसुद्धा नीट होत नसे. शेवटी स्वतःच दोऱ्या सोडायला लागला. दुकानात तीन नोकर असताना शेठ स्वतः भिंतीला लटकून गाठी सोडतोय हे पाहायला रिक्षावाले जमले. टपरीवाला धावत आला. "द्या की मला, शेठ. छपराला घालतो. चांगला जाड हाय." कल्पेशने नाही म्हटलं आणि का नाही ते त्याला सांगता येईना. टपरीच्या छपरावर उन्हात पालथी पडलेली चार माणसं त्याला दिसली आणि पाचवा म्हणजे तो स्वतः, हात जोडलेला. फ्लेक्सची गुंडाळी त्याने गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. ती उलगडत होती, तिच्यावर त्याने स्टेपनीचं कव्हर ठेवलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक चांगली गोष्ट होती, हेच तर वाईट होतं. उज्ज्वलाताई वारूळवाडीच्या. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत फौजेतून परतलेल्या माणसांच्या घरी जाऊन बोलायचं, बायकांचं ऐकायचं, हे काम त्या करत. माणसं घरी धड बोलत नसत. पुण्याच्या दवाखान्यात जायला तयार नसत. गावच्या शाळेत बसवावं तर खिडक्यांना माणसं लोंबकळत. मग त्यांच्या डोक्यात आलं ते असं, की भांड्यांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला कोणी का गेलास असं विचारत नाही. कल्पेशचं दुकान कापडबाजाराच्या तोंडाशी, वर रिकामी खोली, जिना आतून. माणूस दुकानात येईल, कढया बघितल्यासारखं करील आणि वर जाईल. येताना हातात एखादं झाकण असलं की झालं. "एकच अट आहे भाऊ," त्या म्हणाल्या होत्या, "कोण येतं ते या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही." कल्पेशने मान डोलावली होती. खरं तर त्याच्या छातीत काहीतरी फुललं होतं. बुधवार दुपारी जिन्याच्या पायथ्याशी गल्ल्यावर बसून तो एकेकाला वर जाताना बघे. "या भिमाजीराव," म्हणे. वर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की नोकरांना दबक्या आवाजात सांगे, पातेली आपटू नका. एकदा चहा घेऊन तो मुद्दाम स्वतः वर गेला आणि दाराशी त्याला भिमाजीचं हसणं ऐकू आलं, लहान मुलाला गुदगुल्या झाल्यासारखं, थांबता थांबेना असं. ते त्याने रात्री जेवताना हर्षाला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे चार भिंतींच्या आतच की.

त्याचे वडील रमणलालजी गुप्तदानवाले होते. कुणाच्या पोराची फी, कुणाचं औषध, काय दिलं ते घरात आईलाही ठाऊक नसे. कल्पेशला ते खातं बुडीत वाटायचं. द्यायचं ते नावासकट. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, बोलीला नाव पुकारतात तेव्हा देणाऱ्याचीही उमेद वाढते आणि बाजूला बसलेल्याचीही. दुकानात भांड्यावर नाव घालायचं मशीन होतं, ते तो कुणाला हात लावू देत नसे. सुईसारखं ते टोक स्टीलवर थरथरत गेलं आणि मागे नाव उमटलं की त्याला वाटे, आता ही वस्तू कुणाची तरी झाली. तसंच त्याला पाच माणसांबद्दल वाटलं. एवढी मोठी माणसं, सीमेवर राहून आलेली, चोरासारखी कढया चाचपत जिना चढतात, याचं त्याला वाईट वाटलं. आणि आपण हे करतोय ते कुणालाच दिसत नाही, याचंही वाटलं. कुठलं वाईट जास्त वाटलं हे तेव्हा त्याने तपासलं नाही. पंधरा ऑगस्टला उज्ज्वलाताई भीमाशंकरकडच्या एका घरी गेल्या होत्या. त्याने पाचांनाही दुकानात बोलावून घेतलं, फेटे बांधले, शाल, श्रीफळ, स्टीलचा डबा. "जरा उभे राहा," म्हणाला. ते उभे राहिले. फोटो झाला. मजकूर त्याने स्वतः रचला, दोनदा खोडून: 'माजी सैनिक मनोबल केंद्रात येऊन नव्या उमेदीने उभ्या राहिलेल्या वीर जवानांचा जाहीर सत्कार.' त्याने कोणालाही काही सांगितलं नव्हतं. फक्त फ्लेक्स लावला होता.

त्यानंतरच्या बुधवारी वर कोणी आलं नाही. उज्ज्वलाताई रिकाम्या खुर्च्यांत बसून राहिल्या, मग खाली आल्या, फ्लेक्सबद्दल एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तो काढा." तो म्हणाला, "अहो सत्कारच केलाय, त्यात गैर काय? शेतीची कामं असतील लोकांना." आणि मनात म्हणाला, गणपतीपर्यंत राहू दे. मग दुसरे दोघे पुन्हा यायला लागले, तिसरा आला, चौथ्याचा फोन आला. भिमाजी आला नाही. काल संवत्सरी झाली. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा सगळ्यांकडे मागायची. प्रतिक्रमणानंतर कल्पेशने दरवर्षीप्रमाणे हात जोडलेल्या चित्राचा मेसेज फोनमधल्या सगळ्यांना पाठवला: मिच्छामि दुक्कडम. व्यापारी, गिऱ्हाइकं, गॅसवाला, भिमाजी. भिमाजीकडून उलट हात जोडल्याची खूण आली. ती कल्पेशने जमा धरली. उपवासाने हलक्या झालेल्या अंगाने तो झोपला, आज पारणं करून स्टँडवर आला, आणि ते भोक.

गाडीत बसून त्याने उज्ज्वलाताईंना फोन लावला. अवसरीला जातो म्हणाला. त्या म्हणाल्या, "जाऊ नका, भाऊ."

"पाया पडतो त्यांच्या, ताई. काय पाहिजे ते करतो."

"तुम्ही गेलात तर बरं तुम्हाला वाटेल. त्यांना नाही वाटणार." हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर त्याने ऐकलं असतं. त्या थकून म्हणाल्या, म्हणून तो गेला. नारायणगाव गेलं, वारूळवाडीची कमान गेली, टोमॅटोच्या क्रेटचे ढीग गेले, मंचर आलं आणि सगळ्या वाटेवर त्याला फ्लेक्स दिसत राहिले. वाढदिवस, निवड, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली. सगळ्यांवर तीच कमळं, तीच कडा, हसणारी तोंडं सारखीच, कोण जन्मलं आणि कोण गेलं ते जवळ गेल्याशिवाय कळेना. हे त्याच्या आजच लक्षात आलं. मागच्या सीटवर गुंडाळी कव्हराखालून सरकून उघडत होती, आणि आरशात त्याचे स्वतःचे जोडलेले हात दिसत होते.

भिमाजीचं घर त्याला विचारावं लागलं. पारावर बसलेल्या एका पोराने आधी समजलं नाही असं केलं, मग दुसऱ्याला म्हणाला, "आरं, मनोबल. मनोबलचं घर इचारत्यात पावणं." दोघं हसली. हसण्यात दुष्टपणा नव्हता. टोपणनाव गावात पडून गेल्यावर जेवढा राहतो तेवढाच होता. कल्पेशला आपले दोनदा खोडून रचलेले शब्द आठवले. त्यातला हा एकच गावाने उचलला होता.

घरापुढे कांदा साठवायच्या बराखीशी एक बाई सडके कांदे बाजूला काढत बसली होती. दुकानात नवऱ्याबरोबर एकदा आलेली, साळुबाई. तिने त्याला ओळखलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, हात झटकले. "या शेठ. बसा. ते पानी धरायला गेल्यात, येतील." तिने आत नेऊन त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला तिने टेबलावर ठेवला तो असा, की त्याचा आवाज झाला नाही. मग कल्पेशची नजर सवयीने मांडणीवर गेली. ताटांच्या मधे मधे जुन्या लुगड्याची फडकी होती, पातेल्यांतल्या पातेल्यांत फडकी, डब्यांच्या झाकणाखाली फडकी. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "चांगलं करता. चरे पडत नाहीत त्यानं."

साळुबाईने त्याच्याकडे पाहिलं. "चऱ्यांसाठी न्हाई, शेठ. भांडं वाजलं का ते दाराकडं धावत्यात. कडी बघत्यात, परत बघत्यात, मंग भायेर जाऊन बसत्यात. तुमच्याकडं यायला लागले, तवा मी ही फडकी काढून टाकली व्हती. पोरीनं, आरोहीनं, एक डाव ताट पाडलं, तर ते हसले, म्हनले, पाड आनखी एक." तिने फडक्याचं टोक सारखं केलं. "आता पुना घातली."

ते हसणं कल्पेशने ऐकलं होतं. चहाचा ट्रे हातात घेऊन, दाराशी. तो म्हणाला, "वहिनी, माझं फार चुकलं."

"तुमचं काय चुकलं? तुमी तर शाल दिली. चुकलं आमचं. उबं ऱ्हा म्हनल्यावर उबे ऱ्हायले." आवाजात टोमणा शोधायला तो गेला, सापडला नाही. कांदे निवडतात तसं ती बोलत होती, हा इकडे, हा तिकडे. "मंचरच्या गोडावनावर बंदूक घेऊन असायचे. तिथला सुपरवायझर जुन्नरला गेल्ता कशाला तरी. आल्यावर म्हनला, भिमाजी, तू त्या डोक्याच्या शिबिराला जातो व्हय? मंग बंदूक नगं बाबा, आता तू काठी घे. गाड्या लाव." ती थांबली. "आन फोटू मीच कापला, शेठ. त्यांला ठावं न्हाई. पयल्या गाडीनं आले आन कापला. काय करायचं ते करा."

"नाही नाही, बरं केलंत."

"बरं कशाचं? चुलीत घातला. ते जळंना धड. तोंड आधी आक्रसलं, मंग थेंब थेंब गळाया लागलं. जित्या मानसाचा फोटू जाळला मी." तिने पदराने हात पुसले, ते कोरडे होते तरी. "कुनाला म्हनू नगा."

तेवढ्यात बाहेर कोणी पाय धुतल्याचा आवाज आला आणि भिमाजी आत आला. कल्पेशला पाहून त्याची पाठ आपोआप ताठ झाली. "जय हिंद, शेठ." मग कॉटच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला. वाटेत कल्पेशने एक वाक्य घोळवलं होतं, देरासरात म्हणतात तसं, मनाने, वचनाने, कायेने. तो उठला, हात जोडले आणि "मिच्छामि दुक्कडम" म्हणाला. ते शब्द खोलीत असे पडले की त्यालाच ते छापील ऐकू आले.

"ते आलं व्हतं मोबाइलवर," भिमाजी म्हणाला. "सगळ्यांला धाडलं असंल."

"हो. म्हणजे, सगळ्यांनाच पाठवतो आम्ही."

"मंग ठीक हाय."

या ठीकमध्ये कुठेही शिरायला फट नव्हती. माणूस ओरडला असता तर कल्पेशला ओरडून घेता आलं असतं. शेठ, फसवलंत म्हणाला असता तर खाली बघता आलं असतं. त्याला काहीतरी द्यायचं होतं, मोठं, ताबडतोब, डोळ्यांसमोर. आणि त्याच्या तोंडून निघालं, "मी दुसरा फ्लेक्स लावतो, भिमाजीराव. मोठा. माफीचा. की माझी चूक झाली, हवालदार भिमाजी यांची मी जाहीर..." साळुबाईने मांडणीकडे तोंड फिरवलं. वाक्य अर्ध्यात राहिलं. खोलीत पंखा फिरत होता. कल्पेशला आपलं बोलणं हळूहळू, एकेका अक्षराने, ऐकू यायला लागलं, मशीनचं टोक स्टीलवर जातं तसं. आपल्याला दुसरं काही येतच नाही, हे त्याला कळलं. लाज आली की बोर्ड, दया आली की बोर्ड. त्याला वाटलं, आपण इथून उठून गाडीत जाऊन बसावं आणि तेही कोणाच्या लक्षात येऊ नये.

भिमाजीला राग आला नव्हता. तो जरासा हसला, रंगरूट चुकला की जुना हवालदार हसेल तसा. "बसा, शेठ," तो म्हणाला. मग गुडघ्यांकडे बघत बोलायला लागला. "मला उज्ज्वलाबाईंकडं यायचंय. यायचं न्हाई असं न्हाई. झोप यायला लागली व्हती. ही पन झोपत व्हती." साळुबाईची पाठ हलली नाही. "पन जिन्यापाशी तुमी बसलेले असता. या भिमाजीराव म्हनता. मान डोलावता. आलो का, आज कसा दिसतो, सगळं बघून ठेवता. ते नगं."

"मी बुधवारी दुकानात थांबणारच नाही."

"नुसतं थांबून-न थांबून न्हाई. मी आलो का न्हाई, हे तुमी कुनाला इचारायचं न्हाई. बाईंला न्हाई, घरच्यांला न्हाई. आलो तर आलो. न्हाई तर न्हाई. तुमाला कळायला नगं." त्याने पहिल्यांदा सरळ पाहिलं. "जमंल?"

जमेल, कल्पेश म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो असा सौदा करत होता की माल पोचला की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हतं. साळुबाईने विचारलं, चहा ठेवू का. तो नको म्हणाला, मग हो म्हणाला, आणि चहा पिताना कप बशीत ठेवताना हात इतका जपून खाली नेला की थोडा चहा पँटवर सांडला.

बुधवारी सकाळी त्याने नोकरांकरवी गल्ला जिन्यापासून उचलून पार कुकरच्या रॅकपाशी नेला, तोंड रस्त्याकडे. जेवून झाल्यावर हर्षाला म्हणाला, तू बस आज. ती म्हणाली, "आणि मी पण नाही बघायचं का?"

"तुला दिसेल ते दिसेल. मला सांगू नकोस."

"मग रात्री जेवताना काय बोलणार तुम्ही?" ती हसून म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून गल्ल्यावर जाऊन बसली.

तो बाहेर पडला. एवढ्या वर्षांत भर दुपारी दुकान सोडून कुठे जायचं हे त्याला माहीत नव्हतं. ओळखीची दुकानं लागली, प्रत्येकाने "या शेठ, आज इकडं कुठं?" विचारलं आणि प्रत्येकाला त्याने वेगळं कारण सांगितलं. शेवटी सावळेरामच्या सलूनमध्ये शिरला, कारण दाढी हे कारण कुणाला सांगावं लागत नाही. खुर्चीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की समोर आरसा आहे आणि आरशात अख्खा रस्ता आहे. स्टँडकडून येणारा प्रत्येक माणूस त्यात शिरत होता, पिशव्या, टोप्या, चपला, आणि बाजाराच्या तोंडाशी, म्हणजे त्याच्या दुकानाशी, वळून नाहीसा होत होता. मंचरकडून आलेली गाडी नुकतीच रिकामी झाली असणार. माणसं दाटीने येत होती. त्याची नजर सवयीने एकेक चेहरा उचलून ठेवायला लागली, हा नाही, हा नाही. मग एक ताठ पाठ दिसल्यासारखी झाली, की तसं वाटलं, आणि कल्पेशने डोळे मिटले.

"शेठ, डोळे कशाला मिटले? अजून पानीबी मारलं न्हाई."

"असू दे."

सावळेराम वस्तरा पुसत दाराशी गेला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला. येणाऱ्या-जाणाऱ्याचं सांगत राहणं ही त्याची दाढीबरोबरची फुकटची सेवा होती. "ह्यो बगा, शेठ, ह्यो कोन आला, तुमच्याच दुकानाकडं निघाला—"

"सावळेराम," कल्पेश म्हणाला. त्याने खुर्चीचे दांडे धरले होते. "कोण ते सांगू नको."

"अवो पन—"

"सांगू नको म्हणतो ना."

गिऱ्हाइकाचं डोकं फिरलंय की काय, याचा अंदाज घेत सावळेराम जवळ आल्याचं कल्पेशला जाणवलं. रस्त्यावर चपला वाजत होत्या, जवळ येत होत्या, लांब जात होत्या आणि सगळ्या सारख्या होत्या.

"बरं," सावळेराम म्हणाला. "मंग तोंडावर टावेल टाकू का?"

"टाक."